बाबांचं रोलेक्स देऊन नवं घ्यावं का?

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ४६. बाबा बहारीनला नोकरीला होते. तिथे दहा वर्षं पूर्ण झाली तेव्हा, १९७६ मध्ये, कंपनीनं त्यांना रोलेक्सचं स्टीलचं, तारीख दाखवणारं ‘डेटजस्ट’ घड्याळ दिलं. मागच्या झाकणावर त्यांची आद्याक्षरं आणि साल कोरलेलं आहे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आईनं घड्याळ ताईंच्या हवाली केलं, पण ते चार-पाच तासांत बंद पडतं म्हणून लॉकरमध्ये आहे. ओळखीतला एक व्यापारी म्हणतो, हे सव्वादोन लाखांत धरतो, वर पावणेसहा लाख द्या आणि २०२१ चं डेटजस्ट, १२६२०० मॉडेल, घेऊन जा. यजमानांचं म्हणणं, लॉकरमध्ये कोंडून आठवण राहत नाही. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तुझं तू बघ. आई काहीच बोलत नाही. ताई विचारतात, ‘नाव तेच, मॉडेलही तेच. मग हे बाबांचंच घड्याळ पुढे चालवणं झालं, की मी ते विकतेय?’

ताई,

विकताय. नाव तेच असलं तरी दुकानातून घरी येईल ते दुसऱ्या कुणाचं तरी वापरलेलं घड्याळ असेल. विकणं हे पाप नाही. पण मनाची समजूत काढायला त्याला दुसरं नाव देऊ नका, नाहीतर सहा महिन्यांनी तीच गोष्ट टोचायला लागेल.

माझं मत विचाराल तर आत्ता देऊ नका. भावनेपेक्षा यामागे व्यवहाराचं कारण मोठं आहे. व्यापाऱ्यानं दाखवलेल्या तीन दोषांवर तुमचा निर्णय उभा आहे आणि त्यातले दोन दोषच नाहीत.

पहिला म्हणजे ‘तारीख पटकन बदलत नाही, मशीन बिघडलंय’. त्या काळच्या डेटजस्टमध्ये तारीख झटपट बदलण्याची सोय नव्हतीच. ती १९७७ मध्ये ३०३५ नंबरच्या मशीनबरोबर आली. तुमच्या घड्याळात त्याआधीचं १५७५ मशीन असणार, आणि त्यात काटे फिरवूनच तारीख पुढे न्यावी लागते. (मशीन उघडल्यावर पट्टीवर १५७० असा आकडा दिसला तर घाबरू नका. तारखेच्या मशीनवरही कंपनी तोच छाप मारायची.)

दुसरा, ‘अंधारात चमकत नाही’. डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, भिंगातून पाहा. ‘टी स्विस टी’ अशी बारीक इंग्रजी अक्षरं दिसली तर तो ‘टी’ ट्रिटियमचा, म्हणजे डायल-काटे चमकवणाऱ्या किरणोत्सारी द्रव्याचा. ट्रिटियमचा जोर दर १२.३ वर्षांनी निम्मा होतो. १९७६ पासून पन्नासेक वर्षांत तो चारदा निम्मा झाला, म्हणजे सोळावा हिस्सा उरला. अशा घड्याळानं चमकू नये हेच बरोबर. उलट ते लख्ख चमकलं असतं तर डायलला हात लागलाय अशी शंका घ्यावी लागली असती.

तिसरा दोष मात्र खरा आहे. घड्याळ बंद पडतं. पण का, हे कुणीच तपासलेलं दिसत नाही. घरीच एक चाचणी करा, एकदाच. चावी काट्यांच्या उलट दिशेनं फिरवली की आटे सुटून ती जराशी वर येते. तेवढ्याच जागेवर, बाहेर न ओढता, ती सुलट दिशेनं साधारण ४० फेरे फिरवा. ऑटोमॅटिक घड्याळात चावी जास्त होऊन स्प्रिंग तुटत नाही, शेवटी ती आतल्या आत घसरते. मग चावी हलकेच दाबून, जोर न लावता, परत आट्यात बसवा. घड्याळ टेबलावर डायल वर करून ठेवा आणि वेळ लिहून ठेवा. दीड दिवस किंवा त्याहून जास्त चाललं तर स्प्रिंग आणि चाकं ठीक आहेत, हाताच्या हालचालीनं चावी भरणारा भाग तेवढा अडकलाय. आठ-दहा तासांत थांबलं तर बहुधा आतलं तेल वाळलंय. तसं असेल तर पुन्हा पुन्हा चालवून पाहू नका. चाकांच्या आसांची कोरडी टोकं, ती ज्यात बसतात त्या माणकाच्या बारीक दगडांत फिरत राहिली की झिजतात.

आता घड्याळ कानाशी धरून हळूच तिरपं करा. आतला अर्धगोल वजनी रोटर फिरताना नुसती सळसळ ऐकू यायला हवी. धातूवर धातू घासल्यासारखी खरखर आली तर रोटरचा आस झिजलाय. या जातीच्या मशीनचं हे नेहमीचंच दुखणं आहे. वर्षानुवर्षं तेलपाणी झालं नाही की आस बारीक होतो, रोटर खाली लोंबतो आणि मशीनच्या पट्ट्यांवर नाहीतर झाकणाच्या आत ओरखडे काढतो. नवा आस बसवता येतो. जाणकार कारागिराला हे काम नवं नाही, आणि एवढ्यावरून घड्याळ मोडीत काढायचं कारण नाही.

किमतीचंही पाहायला हवं. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीत ‘स्टील’ एवढंच लिहिलंय असं तुम्ही म्हणता. तुमच्या पत्रात काचेभोवतीच्या कडीला ‘उभ्या उभ्या चुण्या’ असल्याचं वर्णन आहे. तशी कडी असलेलं स्टीलचं मॉडेल म्हणजे १६०१, आणि त्याची कडी पांढऱ्या सोन्याची असते. १६०३ ची कडी स्टीलची, तिच्यावरची नक्षी वेगळी. खात्री करायला कारागिराकडून चेन काढून घ्या. बाराच्या बाजूला, चेन जिथे अडकते त्या दोन कानांच्या मधे मॉडेलचा नंबर असतो आणि सहाच्या बाजूला घड्याळाचा अनुक्रमांक. दोन्हींचे फोटो काढा. हे नंबर माहीत नसताना केलेला सौदा अंधारातला.

किंमत ठरते ती मुख्यतः डायल आणि केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर. आपल्याकडे, विशेषतः मुंबईच्या बाजारात, जुन्या घड्याळांची डायलं पुन्हा रंगवून घ्यायची सवय फार आहे. भिंगातून अक्षरांच्या कडा पाहा. त्या फुगलेल्या, पसरलेल्या किंवा ओळीतून सरकलेल्या असतील तर डायल रंगवलेली आहे. तुमच्या डायलवर दहाच्या जवळ तांबूस ठिपके आहेत म्हणता. ते दमटपणाचे असावेत. ते तसेच राहू द्या. ‘डायल नवी करून देतो’ म्हणणाऱ्याकडे घड्याळ ठेवू नका. केसचे कान तीक्ष्ण कडांचे हवेत. वारंवार पॉलिश झालेल्या केसचे कान साबणाच्या वडीसारखे गोल आणि बारीक होतात.

मागच्या कोरीवकामामुळे किंमत कमी धरली, हे व्यापाऱ्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. दुसऱ्याची आद्याक्षरं कुणालाच नको असतात. पण त्यातून पुढे काय होतं तेही ऐका. घड्याळ विकाऊ करायला ते झाकण घासून कोरा पत्रा केला जातो किंवा सरळ दुसरं झाकण बसतं. तुमच्याकडून घड्याळ गेल्यावर बाबांच्या नावाचं काही दिवसांत हेच होईल. व्यापाऱ्याच्या हिशेबात जे उणे धरलंय, तुमच्या लेखी घड्याळात तेच तर सगळ्यात मोलाचं आहे. म्हणून या घड्याळाला तुमच्याइतकी किंमत देणारं गिऱ्हाईक बाजारात मिळणार नाही.

समोरच्या सौद्याचंही सांगते. १२६२०० चांगलं घड्याळ आहे यात शंका नाही. तेच ३६ मिलिमीटर, न ओरखडणारी सफायर काच, ३२३५ मशीन, एकदा भरलं की ७० तास चाल, १०० मीटरपर्यंत पाण्याची हमी. पण कंपनीची पाच वर्षांची वॉरंटी पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे २०२१ च्या कार्डाची मुदत २०२६ मध्येच संपते. शिवाय अदलाबदलीत व्यापारी दोन्हीकडून कमावतो, तुमचं कमी धरून आणि त्याचं पूर्ण लावून. दोन वेगळे भाव लेखी मागा. माझं नुसतं विकलं तर रोख किती, आणि तुमचं नुसतं घेतलं तर किती? हे दोन आकडे वेगळे लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं कायद्यात बसत नाही, तेव्हा ‘थोडं रोख, थोडं चेक’ या भानगडीत पडू नका.

घाईचं तर काहीच कारण नाही. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा (एफ्टा गटाचा) व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं कमी होत जाणार आहे. ‘आज घेतलं नाही तर हातचं जाईल’ हे या बाबतीत खरं नाही.

अजून एक, आणि हे जरा अवघड आहे. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं त्या घड्याळावर आईचा, भावाचा आणि तुमचा सारखा हक्क आहे. आईनं हातात दिलं म्हणजे ते विकायची मुभा दिली असं होत नाही. भावाचं ‘तुझं तू बघ’ फोनवरचं आहे. त्याला मॉडेलचा नंबर, फोटो आणि भाव पाठवा आणि उत्तर लिहून मागा. अशा गोष्टींचा राग लगेच येत नाही, पुढे कधीतरी एखाद्या लग्नकार्यात बाहेर पडतो.

माझं सांगणं असं. जुन्या रोलेक्सचं काम नेहमी करणाऱ्या कारागिराकडून पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्या. मशीन सुटं करून, धुऊन, नव्यानं तेल घालून. नुसतं वरवरचं ऑइलिंग नको. पावतीवर अनुक्रमांक आणि चार अटी लिहून घ्या: केस पॉलिश करायची नाही, डायल आणि काटे बदलायचे नाहीत, झाकणाला हात लावायचा नाही, काढलेले जुने भाग परत द्यायचे. कंपनीच्या केंद्रात न्यायचं असेल तर या अटी त्यांना मान्य आहेत का, ते आधी विचारा. जुने काटे-डायल बदलण्याचा आग्रह तिथे होऊ शकतो. काच प्लास्टिकची आहे, तिच्यावरचे बारीक ओरखडे घासून निघतात. रबरी सीलं नवी बसवून प्रेशरवर तपासून घ्या. तरीही पाऊस आणि आंघोळ यांपासून हे घड्याळ लांबच ठेवा.

मग तीन महिने रोज वापरा. ३६ मिलिमीटर आज बाईच्या मनगटावर अगदी शोभतं, बाबांचं म्हणून मोठं होईल ही भीती नको. या तीन महिन्यांत ते तुम्हाला आपलं वाटलं नाही, किंवा तारखेचा जाच वाटला, तर विका. डायल रंगवलेली आणि केस झिजलेली निघाली तरीही विकायचा विचार करायला हरकत नाही, पण तेव्हा झाकण स्वतःकडे ठेवता येईल का ते विचारा. त्याच्या जागी दुसरं बसवून घेता येतं, किंमत थोडी कमी होईल इतकंच. आणि नव्या घड्याळाची हौस वेगळी असेल तर ती वेगळीच भागवा. वर द्यायच्या त्या पावणेसहा लाखांत लाँजीन किंवा ट्यूडरचं कोरं घड्याळ येईल, आणि बाबांचंही घरात राहील.

चेनचं तेवढं बघा. घड्याळ आडवं, कडेवर धरलं की जुनी चेन कमानीसारखी खाली लोंबते. ती जेवढी लोंबेल तेवढ्या आतल्या कड्या झिजल्या असं समजा. पन्नास वर्षांचा घाम आणि धूळ आहे ती. रोजच्या वापराला २० मिलिमीटरचा चामड्याचा पट्टा लावा, पावसाळ्यात नायलॉनचा. मूळ चेन धुऊन, कोरडी करून जपून ठेवा. आणि कारागिराकडे जाण्याआधी आईला विचारा, बाबांनी चेन छोटी करून घेतली होती का. काढलेल्या कड्या बहुतेक घरातच असतील, कपाटात, एखाद्या जुन्या डबीत. आई तेवढ्याच निमित्तानं घड्याळाबद्दल दोन शब्द बोलेलही.