राजीनाम्यावर बाबांची सही नको

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन सात आठवडे झाले. उजवा हात उचलत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. आणि वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या कंपनीतून एक माणूस टाइप केलेला राजीनामा घेऊन घरी येतो, म्हणतो, डाव्या हाताचा अंगठा लावा, पीएफ लगेच मोकळा होईल. तू विचारतेस, लावू द्यायचा का?

नाही. राजीनामा द्यायचा नाही. हे वाक्य या पत्रात बऱ्याचदा येईल, कंटाळू नकोस.

बाबांच्या पगारातून पीएफ कापला जातो, तेवढंच तुला ठाऊक आहे. पण कंपनीच्या हिश्श्यातले 8.33 टक्के पेन्शन फंडात जातात. पंधरा हजार मूळ पगारावर महिन्याला साडेबाराशे. 16 नोव्हेंबर 1995 पासून चालू असलेल्या या पेन्शन योजनेत कायमच्या आणि पूर्ण अपंगत्वाची वेगळी तरतूद आहे. एरवी पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, वय 58 व्हावं लागतं, पन्नाशीनंतर लवकर घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कपात. अपंगत्वाच्या पेन्शनला यातलं काहीच लागत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. अपंगत्व आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, हयातभर. झटका कारखान्यात आला की घरी जेवताना, यालाही महत्त्व नाही. अट एकच, आणि सगळं तिच्यावर उभं आहे: अपंगत्व नोकरीत असताना आलेलं हवं.

आता त्या कागदावर "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहिलेलं असेल, बघ. तो अंगठा लागला की कंपनी पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याचं कारण "सेसेशन" टाकणार, म्हणजे साधी नोकरी संपली. "परमनंट डिसेबलमेंट" हे कारण त्याच यादीत आहे, पण ते आपण मागितल्याशिवाय कोणी निवडत नाही. मग झटका आधी आला होता, राजीनामा नंतरचा, हे सिद्ध करत फिरायचं काम तुझ्या आईच्या गळ्यात. म्हणून राजीनामा द्यायचा नाही.

दुसरा सापळा फॉर्मचा. हल्ली पीएफ काढणं आणि पेन्शनची रक्कम काढणं एकाच कंपोझिट फॉर्मवर असतं, नुसत्या खुणेचा फरक. भरून देणारा माणूस सवयीने दोन्हीकडे खूण करतो. पेन्शनच्या बाजूची खूण म्हणजे जुना फॉर्म 10-सी: दहा वर्षं भरली नसतील तर एकरकमी पैसे, आणि पेन्शनचा हक्क कायमचा संपला. बाबांची या कंपनीत नऊ वर्षं दोन महिने झालेत, म्हणजे नेमके त्या जाळ्यात. मिळतील सुमारे एक लाख चाळीस हजार. आता दुसरी बाजू बघ. सूत्र असं: शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार, कमाल पंधरा हजार, गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. पंधरा हजार गुणिले नऊ भागिले सत्तर, म्हणजे 1,929 रुपये महिना. सहा वर्षांच्या थोडं पुढे गेलं की एकरकमी आकडा मागे पडतो. बाबा 44 वर्षांचे आहेत. शिवाय त्यांच्यामागे आईला निम्मी पेन्शन, ती हजारापेक्षा कमी होत नाही. तुला आणि भावाला पंचविशीपर्यंत वेगळी.

"एकोणीसशे रुपयांत काय होतं काका?" हे तू लिहिलंस, आणि मला राग आला, तुझ्यावर नाही. रक्कम लहान आहे, मलाही दिसतं. पण औषधाची एक चिठ्ठी दर महिन्याला कोणापुढे हात न पसरता भागते, आणि ते पैसे बाबांच्या कामावर भरलेले आहेत, उपकार नव्हेत. राजीनामा देऊन मग विचारायला आलेल्या माणसांच्या हातात मला काही ठेवता आलं नाही, ती टोचणी आहे. लोक मला हट्टी म्हणतात, आजारी माणसाच्या घरात कागदांचा घोळ घालतो म्हणतात. म्हणू देत. हा हट्ट मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही.

मग नोकरीत राहून खायचं काय? बाबांचा ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, आहे ना, मग अडत नाही. आजारपणाचा भत्ता वर्षात 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. पक्षाघात ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे, म्हणून पुढे 80 टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि मागच्या चार वर्गणी-काळांत (एक काळ सहा महिन्यांचा) 156 दिवसांची वर्गणी लागते, बाबांची आहे. ईएसआय डिस्पेन्सरीचं सर्टिफिकेट मात्र खंड न पडता घ्यायचं, आणि प्रत्येकाची झेरॉक्स स्पीड पोस्टाने कंपनीला. "गैरहजर" अशी नोटीस आली तर त्याच दिवशी लेखी उत्तर. आणखी एक, बोलायला जड जातं, पण बोलतो. पीएफच्या विम्याचे पैसे, सात लाखांपर्यंत, माणूस नोकरीत असताना गेला तरच मिळतात. राजीनामा दिला की तेही गेलं.

अपंगत्वाच्या अर्जाची घाईही नको. झटक्यानंतर पहिले काही महिने सुधारणा होत असते, तपासणारं वैद्यकीय बोर्ड "पुन्हा दाखवा" म्हणतं. फिजिओथेरपी पूर्ण होऊ दे. मग पेन्शन मागण्याचा फॉर्म 10-डी, त्यात पेन्शनचा प्रकार अपंगत्व असा लिहायचा, कंपनीमार्फत अकोट्याच्या पीएफ ऑफिसात. तपासणी ते सांगतील त्या वैद्यकीय बोर्डापुढेच होते, खासगी डॉक्टरची चिठ्ठी नुसती आधाराला. पण ती चिठ्ठी नीट लिहून घे. "जड काम करू नये" एवढं लिहिलं की अर्थ होतो, हलकं काम जमेल, आणि अर्ज पडतो. नियम विचारतो, झटक्याच्या वेळी हा माणूस जी कामं करू शकत होता, ती सगळी आता अशक्य आहेत का? म्हणून बाबा लेथवर काय काय करत ते लिहावं, आणि उजव्या मुठीची पकड, चाल, बोलणं, प्रत्येकाची आजची स्थिती. सिव्हिलच्या अपंगत्व दाखल्यावरचे टक्के वेगळ्या कामाचे, ते घे, पण त्यावर विसंबू नकोस. स्कॅन आणि डिस्चार्ज कार्ड मूळ प्रतीत जप.

बँकेत बाबांची सही आता जुळणार नाही. अंगठ्याची नोंद आत्ताच करून घे. पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून बघ, आधीच्या एखाद्या कंपनीची वर्षं वेगळ्या नंबरावर पडून असतील तर जोडून घे, दहा वर्षंही भरून निघतील.

नोकरी संपवायचीच वेळ आली तर कंपनीने पत्र द्यावं, "कायम अपंगत्वामुळे सेवा समाप्त". आपण राजीनामा द्यायचा नाही. ग्रॅच्युइटी तशीही मिळेल, पंधरा हजारांवर नऊ वर्षांची साधारण 77,885 रुपये. (अपंगत्वात पाच वर्षांची अटही नसते, बाबांना तिची गरज नाही.)

एचआरवाले फॉर्म अडवून बसले तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाक. दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफ ऑफिसचं तक्रार शिबिर असतं, तिथे आईला घेऊन जा, बाबांना नको.

ईएसआयच्या सर्टिफिकेटची पुढची तारीख आजच कॅलेंडरवर लिही. आणि तो टाइप केलेला कागद आईकडून मागून घे, फाडू नकोस, माझ्यासाठी ठेव. कोणत्या तारखेला, कोणी आणून दिला, ते पाठीमागे पेन्सिलने लिहून.

तुझा,
काका