पाण्याचा अहवाल चांगला असूनही बंधाऱ्यातले मासे का मेले?

आपण विचारले आहे की, मे महिन्यात पंचगंगेवरील आपल्या गावाजवळच्या बंधाऱ्यातील पाण्याचा अहवाल समाधानकारक आला होता, तरीही जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एका पहाटे काठाला मेलेल्या माशांचा खच पडला. मग तो अहवाल खोटा होता का? गोड्या पाण्यातील गाळ आणि तळाशी राहणारे जीव हाच माझ्या कामाचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहिते. अहवाल खरा असूनही असे घडू शकते, कारण बाटलीतील पाणी त्या घटकेपुरतेच असते आणि नदीच्या मागच्या आठ महिन्यांचा हिशेब तळाच्या गाळात साठलेला असतो.

पाण्याचा नमुना बहुधा सकाळी दहा-अकराच्या सुमारास आणि पृष्ठभागालगत घेतला जातो. त्या वेळी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असते, त्यामुळे विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा उत्तम येतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरते आणि सूर्योदयाच्या थोडे आधी तो सर्वांत कमी होतो. मुळात 30 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यातही लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळलेला राहतो, आणि मासेमारीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार तो किमान 4 मिलिग्रॅम असावा लागतो. म्हणजे उन्हाळ्यात माशांच्या हाताशी असलेली शिल्लक फार थोडी असते.

आता गाळाकडे येऊ. कोल्हापुरी बंधाऱ्यात पावसाळा संपताना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पाणी थबकते आणि गावोगावचे सांडपाणी, शेतातून उतरलेली माती, खते, कुजलेली जलपर्णी असे सारे तळाशी बसत जाते. अशा डोहातून पंजासारख्या उपकरणाने गाळ वर काढला की त्याचा वरचा, जेमतेम नखाच्या जाडीचा थर तपकिरी असतो आणि त्याखाली लगेच डांबरासारखा काळा, सडक्या अंड्यांच्या वासाचा चिखल लागतो. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा असतो आणि तेथे प्राणवायू संपल्याची ती खूण असते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले किंवा पहिला लोंढा आला, की हा चिखल ढवळून वर येतो, आणि त्यातील सल्फाइड, लोह व सेंद्रिय द्रव्ये पाण्यातील उरलासुरला प्राणवायू बघता बघता ओढून घेतात. सोबत गाळातला अमोनियाही सुटतो. पाण्याचा सामू (पीएच) एकाने वाढला, तर अमोनियातील माशांना विषारी असलेला अंश जवळजवळ दहापट होतो.

अशाच एका पहाटे मी ढवळलेल्या पाण्याची बाटली काठावरच विंकलर पद्धतीने तपासली होती. 1888 पासून वापरात असलेल्या या पद्धतीत दोन द्रावणे घातल्यावर प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका बसतो. माझ्या बाटलीत तो पांढराशुभ्र होता, म्हणजे मोजण्यासारखे काही उरलेच नव्हते. प्रयोगशाळेत जाण्याआधीच उत्तर हातात होते आणि त्या पांढऱ्या रंगाकडे पाहताना मला फार वाईट वाटले.

सांडपाणी अडवल्यावरही काही जलाशय वर्षानुवर्षे हिरवेच का राहतात, याचे एक मोठे कारण हेच आहे. गाळातील लोहाने धरून ठेवलेले फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचे खतच, प्राणवायू संपताच पुन्हा पाण्यात उतरते. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधील तलावांवर केलेल्या अभ्यासातून 1941-42 मध्ये हे दाखवून दिले.

तळाचे जीव मात्र मे महिन्यातही आपल्याला सावध करू शकले असते. अर्धा मिलिमीटर जाळीच्या चाळणीत गाळ धुतला असता, माझा अंदाज आहे की, लालभडक अळ्या आणि केसासारखे बारीक तांबडे किडे यांखेरीज फारसे काही मिळाले नसते. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून ते तुटपुंज्या प्राणवायूवर तग धरतात. याउलट मेफ्लाय या कीटकाची पिल्ले कल्ल्यांनी श्वास घेतात, कित्येक आठवडे पाण्यातच वाढतात आणि त्यांतील अनेक जाती अशा गाळात टिकत नाहीत. तळाच्या जीवांवरून पाण्याची प्रत ठरवणाऱ्या ब्रिटनच्या जुन्या गुणांकन पद्धतीत मेफ्लायच्या काही कुळांना 10 गुण होते, लाल अळ्यांना 2 आणि तांबड्या किड्यांना 1. ते गुण आपल्या नद्यांना जसेच्या तसे लावू नयेत हे खरे, परंतु कोण उरले आणि कोण गेले, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

पुढच्या उन्हाळ्यात तपासणी मागताना सूर्योदयापूर्वीचा प्राणवायू, तोही तळाजवळचा, गाळातील सेंद्रिय द्रव्यांचे प्रमाण आणि तळाच्या जीवांची नोंद यांचा आग्रह अवश्य धरावा. धातूंची शंका असेल तर गाळाचा 63 मायक्रॉनपेक्षा बारीक भाग तपासण्यास सांगावे, कारण धातू त्यालाच अधिक चिकटतात. आणि पुन्हा मासे मेले, तर दुपारची वाट न पाहता त्याच तासात पाणी भरून घ्यावे, वेळ लिहावी आणि मेलेल्या माशांत मरळ व मांगूर आहेत का हे नीट पाहावे. हे दोन्ही मासे वर येऊन हवेतूनही श्वास घेऊ शकतात. ते जिवंत असतील आणि बाकीचे मेले असतील, तर कारण बहुधा प्राणवायूचा अभाव हेच असते. तेही मेले असतील, तर विषाचा संशय धरून मासे बर्फात ठेवावेत आणि लगेच तपासणीसाठी पाठवावेत.