बाहेरच्या बनावटीच्या कनेक्टिंग रॉडची पारख

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीच्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी मी मूळ कंपनीचे नसलेले चार फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे, घेतले आहेत. इंजिन ६,००० ऐवजी ७,५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) फिरवायचे आहे. ओळखीच्या प्रयोगशाळेत रॉड यंत्रावर ओढून पाहिले, तर तेवढी चाचणी पुरेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पुरणार नाही, आणि बसवायचे रॉड तर त्या यंत्रावर चढवूच नयेत. जळालेला वायू बाहेर टाकणाऱ्या एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर थांबून खाली वळतो, तेव्हा त्याचे वजन रॉडला ताणते आणि हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पिस्टन, पिन व रिंगा मिळून ४०० ग्रॅम, स्ट्रोक (पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव) ८० मिमी आणि रॉड १४० मिमी धरला, तर ६,००० आरपीएमला सुमारे ८३० किलोचा ओढा बसतो, ७,५०० ला तोच जवळपास १,३०० किलो होतो. चांगला फोर्ज्ड रॉड एकदा एवढा ओढला तर सहज टिकेल. पण ७,५०० ला तासाभरात हा झटका सव्वादोन लाख वेळा बसतो, आणि रॉड तुटतो तो बहुधा या थकव्याने. म्हणूनच चाचणीत रॉड आळीपाळीने ओढून-दाबून १० लाख ते १ कोटी आवर्तने चालवतात, आणि त्या कसोटीला उतरलेला नमुना पुन्हा इंजिनात घालत नाहीत. विक्रेत्याकडे या चाचणीचा अहवाल अवश्य मागावा.

आपल्या हातात आहे ते असे. चारही रॉडांची मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून घ्यावी, कारण डोळ्यांना न दिसणारी केसासारखी चीर तिच्यात उमटते. त्याहून महत्त्वाचे बोल्ट. प्रत्येक बोल्टची लांबी कसण्यापूर्वी व कसल्यावर मायक्रोमीटरने मोजून बोल्ट किती लांबला ते निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. सैल केल्यावर जो मूळ लांबीवर परतत नाही, तो बोल्ट टाकून द्यावा. बेअरिंग न घालता बोल्ट पूर्ण कसूनच बिग एंडचा (रॉडच्या क्रँकशाफ्टवर बसणाऱ्या मोठ्या टोकाचा) गोलपणा बोअर गेजने, म्हणजे आतला व्यास मोजणाऱ्या मापकाने, तपासावा.

आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या ठेवलेल्या रॉडवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि थकव्याची चीर तिथूनच सुरू होते. मधल्या दांड्यावर असा खड्डा नखाला लागला, तर तो रॉड परत करावा. बाकीचे बसवण्याच्या दिवसापर्यंत ऑइल लावून, गुंडाळून ठेवावेत.