रशियन 'सराफान' हा कपड्याचा शब्द आला कुठून? हा जुनाट शब्द आज कोणी वापरतं का?

सराफाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे आधीच सांगतो, कारण या शब्दापायी मी घरात आजवर बोलणी खातोय.

1986 साली लेनिनग्राडला शिकत होतो. गोस्तिनी द्वोर या तिथल्या मोठ्या दुकानात रांग लावून बायकोसाठी एक घेतला आणि लिहिलं, 'तुझ्यासाठी सराफान घेतलाय, सुट्टीत आणतो.' पत्र तीन आठवड्यांनी सांगलीला पोचलं. तिने वाचलं, सासूबाईंनी वाचलं, शेजारच्या काकूंनीही वाचलं. रशियात सोनं स्वस्त असणार, असं तिघींचं ठरलं. जुलैत मी बॅगेतून काढला तो नारिंगी फुलांचा, बिनबाह्यांचा, खांद्यावर नुसत्या दोन पट्ट्यांचा झगा. सासूबाई चहा टाकते म्हणून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. पुढे त्याचे उशांचे अभ्रे झाले. मेहुणा अजून म्हणतो, "दाजी, नावातच सराफ आहे, मूळ अर्थ दागिनाच असणार."

अहो, सराफ अरबी. सराफान निघाला फारसी 'सरापा'पासून, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत. सरदारातला सर, पायजम्यातला पा. आपला शिरपाव त्याच घरातला: दरबारात मानाने मिळणारा नखशिखांत पोशाख. म्हणजे मी बायकोला चक्क शिरपाव दिला होता. अभ्रे कोणी केले ते तुम्हीच बघा.

जुन्या रशियन नोंदींत सराफान पुरुषांच्याही अंगावर दिसतो, बायकांचा तो नंतर झाला. 1700 पासून रशियाचा झार पीटर याने फर्मानं काढून शहरी लोकांना युरोपी कपड्यांत घातलं. शेतकऱ्यांना त्यातून सूट होती, त्यामुळे सराफान खेड्यापाड्यांत आणि व्यापाऱ्यांच्या घरांत टिकला. म्हणून आपल्याला तो फक्त लोकनृत्यातला वाटतो. पण जुनाट म्हणाल तर चूक. आजही रशियन दुकानात उन्हाळी, पट्ट्यांच्या झग्याला सराफानच म्हणतात. तोंडोतोंडी पसरणाऱ्या बातमीला तर 'सराफान रेडिओ' म्हणतात. आमच्या काकूंना ते नाव शोभलं असतं.

एक राहिलं. फारसीतून शब्द थेट रशियनमध्ये गेला नाही, मध्ये तुर्की भाषा होत्या, असं बहुतेक कोशकार मानतात. मेहुण्याला हे सांगू नका, तो तिथेच फाटा फोडेल.

उच्चारताना जोर शेवटच्या 'फान'वर द्या. आणि कोणासाठी घेतलात, तर घरी कळवताना सरळ 'झगा' लिहा.