भेटीऐवजी पावती दिली तर नणंदा रागावतील का?

प्रश्न : ताई, आमच्याकडे सणाला सगळ्या नातेवाइकांना भेटवस्तू द्यायची पद्धत आहे. शोपीस, काचेचे सेट असं काहीबाही घेतलं जातं आणि निम्मं पुढच्या वर्षी तिसऱ्याच घरी पोचतं. यंदा प्रत्येकाच्या नावाने एखाद्या संस्थेला देणगी देऊन हातात पावती ठेवावी म्हणते. नवरा म्हणतो, बहिणी नाराज होतील. मुलांचं काय करायचं, तेही कळत नाही.

उत्तर : तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. (हे वाक्य या सदरात मला फारसं लिहावं लागत नाही.)

देणगी जरूर द्या, पण स्वतःच्या नावाने. नणंदेच्या नावाने पावती फाडलीत की तिची भेट गेली आणि पुण्य मात्र तुमच्या खात्यात. समाजोपयोगी भेटींवरचं एक संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. नातं फारसं जवळचं नसेल, तर अशा भेटीचं समोरच्याला जेवढं कौतुक वाटेल असं देणारा धरून चालतो, तेवढं ते वाटत नाही, असं त्यात दिसलं. अपवाद एकच : काम तिच्या जिव्हाळ्याचं हवं. नणंद वाचनालयासाठी राबत असेल, तर त्या वाचनालयाला दिलेली पुस्तकं तिला साडीपेक्षा प्यारी.

बाकीच्यांना सरळ विचारा, काय हवंय? विचारण्यात प्रेम कमी पडतं, असं देणाऱ्यालाच वाटतं. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. मिळालेली वस्तू स्वतः घ्यायची असती तर किती मोजले असते, असं त्याने विद्यार्थ्यांना विचारलं. भेटींच्या किमतीतला एक दशांश ते एक तृतीयांश भाग वाया गेल्याचं निघालं. मित्रमैत्रिणींचा नेम बरा होता. आजीआजोबा, काका-मावश्यांचा चुकला होता. तेव्हा आपण काकू-मामींनी तर विचारायलाच हवं.

‘गरीब कुटुंबाला बकरी भेट द्या’ अशा योजनांची बारीक अक्षरंही वाचा. पुष्कळदा ती बकरी नावापुरती असते. पैसे संस्थेला गरज असेल त्या कामाला लागतात. त्यात गैर काही नाही. पण भाच्याला ‘ही तुझी बकरी’ म्हणालात, तर तो फोटो मागणार, नाव विचारणार, आणि तुमची पंचाईत!

वस्तूच द्यायच्या असतील तर आधी संस्थेला फोन करा. कपाट आवरताना निघालेलं गाठोडं नेऊन टाकलंत, तर ते निवडायला तिथली माणसं अडकतात. रोख पैसे बहुतेकांना सोयीचे. आणि सणाच्या आठवड्यात सगळेच येतात, म्हणून तुमची देणगी दोन-तीन महिन्यांनी द्या.

आता मुलं. युनिसेफच्या पहिल्या शुभेच्छापत्रावरचं चित्र चेकोस्लोव्हाकियातल्या ७ वर्षांच्या मुलीने काढलं होतं. महायुद्धानंतर गावाला मिळालेल्या मदतीबद्दलचे ते आभार होते. कागद मिळेना म्हणून तिने ते काचेवर रंगवलं. एवढ्या वयात हे कळतं. तेव्हा मुलांच्या खेळण्यांवर कात्री चालवू नका. एक हवी ती वस्तू द्या आणि सोबत थोडी रक्कम, जी त्यांनी कुणाला तरी द्यायची. कुणाला, ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी भटक्या कुत्र्यांचं नाव घेतलं आणि तुम्हाला कुत्री आवडत नसली, तरी मध्ये पडू नका.