प्रोजेक्टरवर ओटीटीचा चित्रपट लावला की आवाज येतो, पण पडदा काळा. सांगलीत हा प्रोजेक्टर दुरुस्त कुठे होईल?

दुरुस्तीला नेऊ नका, प्रोजेक्टर बहुधा ठणठणीत आहे. आधी मोबाइलवर स्वतः काढलेला एखादा व्हिडिओ लॅपटॉपवर घेऊन लावून बघा. तो दिसला तर अडवणूक बहुधा एचडीसीपीची आहे, म्हणजे चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून चित्राला लावलेल्या कुलपाची.

लॅपटॉप चित्र कुलूपबंद करून पाठवतो आणि पुढच्या प्रत्येक उपकरणाकडे किल्ली मागतो. तुम्ही मध्ये एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लावलाय ना? व्हीजीए म्हणजे जुन्या पद्धतीची जोडणी, तिच्यात किल्ली दाखवायची सोयच नाही. एकच चित्र दोन पडद्यांना देणारे काही स्वस्त स्प्लिटरही तिथेच अडतात.

प्रोजेक्टरला एचडीएमआय पोर्ट असेल तर कन्व्हर्टर काढून दीड-दोन मीटरची केबल थेट जोडा. आधी प्रोजेक्टर सुरू करा, मग लॅपटॉप. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून फक्त दुसरा स्क्रीन निवडा. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडदे तपासले जातात. ४के ला बहुतेक ठिकाणी एचडीसीपी २.२ लागतं, म्हणून १०८०पी ठेवा. नुसतं व्हीजीए पोर्ट असेल तर या मार्गाने अधिकृतपणे चित्र दिसणार नाही, विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत कुठल्याही दुकानात न्या.

मला याची खरोखर चीड येते. एचडीसीपीची मास्टर की, म्हणजे बाकीच्या किल्ल्या जिच्यावरून बनतात ती मूळ किल्ली, २०१० मध्येच इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्यही केलं. चोरून उतरवलेली फाइल याच व्हीजीएवर विनातक्रार चालते. काळा पडदा बघतो तो महिन्याचे पैसे भरणारा.