अंदमानातल्या नील बेटावर बघण्यासारखं काय आहे? अर्धा दिवस पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की सेल्युलर जेल बघायला जाताय, सोबत साठी उलटलेले आई-वडील आहेत आणि सहलवाल्यांनी नीलला अर्धाच दिवस ठेवलाय. नाही पुरणार. दोन रात्री राहा. अगदीच जमत नसेल तर निदान एक तरी.

पहिल्या खेपेला आमचंही असंच झालं होतं. सकाळच्या बोटीने उतरलो, गाडीवाल्याने थेट नैसर्गिक पुलाशी, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाच्या कमानीशी, नेलं, आणि पुलाच्या वाटेवर कंबरभर पाणी! भरती होती. लांबून फोटो काढले आणि परतलो. सहल आखणाऱ्याने बोटीची वेळ पाहिली होती, ओहोटीची नाही. मला फार हळहळ वाटली. म्हणून दोन वर्षांनी आईला घेऊन पुन्हा गेले, तेव्हा तिथे मुक्कामच केला.

हे बेट जेमतेम 14 चौरस किलोमीटरचं. 2018 साली त्याचं नाव शहीद द्वीप झालं, पण लोकांच्या तोंडी अजून नीलच. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं गेलं. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. नैसर्गिक पुलाला इथले लोक ‘हावडा ब्रिज’ म्हणतात.

हा पूल लक्ष्मणपूरच्या दोन किनाऱ्यांपैकी दुसऱ्यावर आहे. जुन्या प्रवाळाचा चुनखडक, त्यातला ठिसूळ भाग लाटांनी खाऊन टाकला आणि वर कमान उरली. कमानीवर झाडं वाढली आहेत. पण खरं सांगू? कमानीइतकंच, किंबहुना जास्तच, बघण्यासारखं तिच्या पायाशी आहे. पाणी ओसरलं की खडकात डबकी उरतात. आमच्या वाटाड्याने एका डबक्याशी थांबून आईला वाकायला सांगितलं. आत एक महाशिंपला खडकात रुतून बसलेला, त्याच्या नागमोडी ओठांवर निळी झाक आणि ठिपके. आई नीट बघायला म्हणून पुढे झाली, तिची सावली पाण्यावर पडली आणि शिंपल्याने झटकन ओठ आत ओढून घेतले! आई तिथेच उकिडवी बसून राहिली, तो पुन्हा उमलेपर्यंत. पुढच्या डबक्यात काळी समुद्रकाकडी (काकडीसारखा लांबट, मऊ प्राणी) होती, खेकडे होते, बोटाएवढे निळे मासे होते. कशालाही हात लावू नका, आणि प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका. मेलेला असला तरी नाही. प्रवाळ आणि महाशिंपले दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

आता वेळेचं. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब तिथे लागू पडत नाही. उतरल्या दिवशीच मुक्कामाच्या ठिकाणी ओहोटीची वेळ विचारा. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप आत जातं, अष्टमीच्या सुमारास तेवढं जात नाही, म्हणून तारखा ठरवताना पंचांग जरूर बघा. दोन रात्री राहिलात की उजेडातली एक ओहोटी हमखास मिळते.

बाकीचं बेट स्कूटरवर किंवा रिक्षाने सहज होतं. वाटेत भाताची खाचरं, केळी, सुपारी आणि भाजीचे मळे लागतात, अंदमानातली बरीच भाजी इथूनच जाते. भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच आहे. तिथे काचेच्या तळाची बोट मिळते, पोहता न येणाऱ्या आई-वडिलांना प्रवाळ दाखवायचा तो उत्तम मार्ग. 2010 च्या तापलेल्या पाण्यात अंदमानातला बराच प्रवाळ पांढरा पडला, त्यामुळे जाहिरातीतले रंग सगळीकडे दिसतील असं धरून चालू नका.

सूर्योदयाला सीतापूर, पूर्वेच्या टोकाला. सूर्यास्ताला लक्ष्मणपूरचा पहिला किनारा. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, पण घड्याळ एकच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा चारलाच जाऊन बसा. सहा वाजता निघालात तर अंधारच दिसेल.

आई-वडिलांना झेपेल का, हेही तुम्ही विचारलंय. लक्ष्मणपूरचा पहिला किनारा आणि भरतपूर, अगदी आरामात. पुलाची वाट मात्र शेवाळलेल्या खडकांतून आणि प्रवाळाच्या तुकड्यांवरून आहे. गुडघे दुखत असतील तर वडिलांना खडक सुरू होतात तिथे सावलीत शहाळं घेऊन बसवा. चालता येत असेल तर मागे पट्टा असलेल्या, तळाला खाचा असलेल्या सँडल घालायला लावा, साध्या चपला नकोत. वाटाड्या आवर्जून घ्या. माझ्या आईने 67 व्या वर्षी त्याचा हात धरून सगळी वाट केली, तासाभराच्या जागी दोन तास लागले. पाणी ओसरून वाट उघडी पडताच निघालात तर तेवढा वेळ हाताशी असतो.